पदरावरचं ऊन

२०१८ च्या फेब्रुवारीत आम्ही घरची सगळी श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेकाला गेलो होतो. माझा कॅमेरा जेपेगवर लावलेला. पुतणी मात्र सगळं रॉमध्ये काढणारी. दोघींनी एकाच जागेवरून, दोन-चार मिनिटांच्या अंतरानं तोच फोटो काढला: पुढे पांढरं लुगडं नेसलेल्या सासूबाई, मागे बाहुबली. आता सासूबाई नाहीत. परवा ते दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहत बसले.

तिथला उजेड मोठा अवघड. मूर्ती उत्तराभिमुख. फेब्रुवारीत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला. त्यामुळे दुपारी ऊन मूर्तीच्या पाठीमागून येतं, चेहरा सावलीत राहतो आणि आकाश लख्ख असतं. कॅमेरा सगळ्या उजेडाची सरासरी धरतो, म्हणून मूर्ती काळवंडते. मी शहाणपणा करून एक्स्पोजर एका स्टॉपनं वाढवलं. देवाचा चेहरा छान आला, सासूबाईंचाही आला. पण त्यांच्या डोक्यावरच्या पदरावर ऊन होतं, तिथे नुसता पांढरा डाग उरला. मस्तकावरून ओघळणाऱ्या दुधाच्याही धारा राहिल्या नाहीत, चुना फासल्यासारखं दिसतं.

पुतणीनं उलट केलं. तिनं पदर जपला आणि चेहरे काळे राहू दिले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो फोटो पाहून मी म्हटलं होतं, "बिघडला गं!" ती म्हणाली, "थांबा काकू, घरी गेल्यावर बघा."

जेपेग म्हणजे भाजून ताटात आलेली भाकरी. रंग, उजेड, धार सगळं कॅमेऱ्यानंच ठरवलेलं, आणि दर रंगाच्या फक्त २५६ छटा ठेवून बाकीचं टाकून दिलेलं. रॉ म्हणजे मळायचं पीठ. चौदा बिटांच्या फाइलीत १६,३८४ पायऱ्या असतात, म्हणून अंधारातलं पुष्कळ काही वर काढता येतं. पण उजेडाचं तसं नाही. सेन्सरचा प्रत्येक कण एक घागर समजा. ती भरून वाहिली की वाहून गेलेलं परत मिळत नाही. रॉमध्ये थोडी जास्त सवलत, एवढंच. म्हणजे मी रॉमध्ये काढला असता तरी तेवढा उजेड घेतल्यावर पदर वाचलाच असता, अशी खात्री नाही. पुतणीचा फोटो वाचला तो आधी तिच्या एक्स्पोजरमुळे, मग रॉमुळे.

तरी तिच्या फोटोबद्दल माझी तक्रार आहेच. घरी तिनं सावल्या इतक्या उचलल्या, की बाहुबलीचा चेहरा कॅलेंडरवरच्या देवासारखा सगळीकडून सारखा उजळला. ओठांखालची, हनुवटीखालची सावली गेली. ती दुपार गेली. माझ्या बिघडलेल्या जेपेगमध्ये निदान ऊन तरी आहे, डोळे बारीक करायला लावणारं. रॉ म्हणजे खरं आणि जेपेग म्हणजे खोटं, असं तरुण मुलं म्हणतात, ते मला पटत नाही. हात आवरला नाही तर पीठ चांगलं असूनही भाकरी बिघडते.

हे मी तिला सांगितलं. तिनं रागावून का होईना, मूळ फाइल पुन्हा उघडली आणि सावल्या निम्म्यानं उतरवल्या. नवा फोटो मोठा करून पाहिला. पदराच्या काठाशी सासूबाईंनी स्वतः रफू केलेली जागा दिसली. बारीक, सरळ टाके. नवं लुगडं घ्या म्हटलं तर त्या म्हणायच्या, "ह्याला काय झालंय?"

माझ्या फोटोत ती जागाच नाही. आता कितीही खटपट केली तरी येणार नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढाल तेव्हा कॅमेऱ्यात रॉ आणि जेपेग दोन्ही ठेवायची सोय असेल तर ठेवा. आणि आधी पांढरं कुठे आहे ते बघा. तेवढं जपा.