बाह्यरुग्ण आणि आंतररुग्ण : एका तुलनेची मर्यादा

प्रौढांच्या मज्जातंतूंवरील शस्त्रक्रिया बाह्यरुग्ण व्यवस्थेत कराव्यात की रुग्णास दाखल करून घेऊन, या प्रश्नाची चर्चा बहुधा दोन्हीकडील परिणामांच्या तुलनेने केली जाते. मात्र ज्या संज्ञांवर ही तुलना उभी असते, त्यांचा अर्थ गृहीतच धरला जातो.

मनगटाच्या बोगद्यात दबलेला मज्जातंतू मोकळा करताना त्यावरील आडवा अस्थिबंध छेदतात. तेवढीच जागा बधिर करून हे काम थोडक्या वेळात होते व रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. उलटपक्षी, अपघातात खांद्याजवळ तुटलेले मज्जातंतूंचे जाळे सांधण्यास पूर्ण भूल व कित्येक तास लागतात. या दोहोंची एकाच नावाखाली बेरीज केल्यास दाखल रुग्णांत गुंतागुंत अधिक दिसणारच. तो दोष रुग्णालयातील मुक्कामाचा नव्हे. तुलना एकाच शस्त्रक्रियेपुरती ठेवली, तरी हृदयविकार वा अनियंत्रित मधुमेह असलेल्यांनाच बहुधा ठेवून घेतले जाते. म्हणजे निवड तुलनेपूर्वीच झालेली असते.

संज्ञांचा अर्थही सर्वत्र एक नाही. अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेत, दाखल करण्याचा रीतसर आदेश नसल्यास, निरीक्षणासाठी रात्रभर खाटेवर असलेला रुग्णही बाह्यरुग्णच गणला जातो. भारतीय आरोग्यविम्याच्या प्रमाणित व्याख्यांत 24 तासांहून अधिक मुक्काम असेल तर तो आंतररुग्ण. त्याहून कमी वेळात होणाऱ्या विशिष्ट उपचारांसाठी ‘डे-केअर’ हा तिसरा वर्ग आहे, आणि सामान्य बाह्यरुग्ण उपचार त्यातून वगळलेले आहेत. मराठीत तर ‘बाह्यरुग्ण विभाग’ म्हणताच केसपेपरची रांग डोळ्यांपुढे येते, शस्त्रक्रियागृह नव्हे. तेव्हा अमेरिकेतील आकडे ‘बाह्यरुग्ण’ या प्रतिशब्दासह इकडे आणले, तर तेथे रुग्णालयातच काढलेली रात्र येथील वाचकास घरी काढलेली वाटेल.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. घरी गेलेल्या रुग्णाचा हात रात्री सुजला, जखमेतून रक्त वाहू लागले, वा बोटांचा बधिरपणा वाढला, तर त्याच्याजवळ कोण आहे आणि रुग्णालय किती अंतरावर आहे, यावर त्याची सुरक्षितता अवलंबून असते. शहरातील रुग्णाचे ‘घरी जाणे’ आणि दुर्गम खेड्यातील रुग्णाचे ‘घरी जाणे’ एकाच रकान्यात मोडते, परंतु त्यांतील धोका एक नाही. म्हणून शस्त्रक्रिया कोणती, भूल कोणती, रुग्णाची पूर्वस्थिती काय आणि पहिली रात्र त्याने कोठे व कोणाच्या देखरेखीखाली काढली, या चार गोष्टी नोंदविल्याशिवाय केलेली तुलना व्यवस्थांची ठरत नाही. ती नोंदवहीतील दोन शिक्क्यांची ठरते.