सुरक्षिततेचा आकडा

'ईव्ह ऑनलाइन' खेळायला बसलेला नवा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो जहाजाचा. कोणतं घेऊ? कोणती तोफ बसवू? बहुतेक खेळांनी आपल्याला हीच सवय लावली आहे. पण इथे जहाजाआधी जागा ठरवावी लागते. समोर कोण येईल, किती जण येतील आणि आपण मेल्यावर कुणी जाब विचारेल का, हे सगळं जागेवर ठरतं. हा खेळ थोर आहे तो या नकाशामुळे, आणि नवख्याला तो फसवतो तेही इथेच.

आइसलँडच्या सीसीपी कंपनीनं मे २००३ मध्ये हा खेळ आणला. चीन वगळता जगभरचे खेळाडू त्यात एकाच विश्वात वावरतात. जहाज फुटलं की फुटलं. विम्याचे थोडे पैसे मिळतात, आणि शाबूत राहिलेला माल मारणारा उचलून नेतो. त्यामुळे जागा चुकली तर कित्येक आठवड्यांची कमाई एका मिनिटात जाते.

प्रत्येक सूर्यमालेला सुरक्षिततेचा आकडा आहे. १.० ते ०.५ म्हणजे उच्च सुरक्षा, ०.४ ते ०.१ म्हणजे कमी सुरक्षा, आणि ०.० किंवा त्याखाली कुणाचाच कायदा नाही. नवखा हा आकडा हवामानाच्या अंदाजासारखा वाचतो: जितका मोठा, तितकं निर्धास्त. प्रत्यक्षात तो आकडा शिक्षेचा आहे. उच्च सुरक्षेत कुणी तुमच्यावर बेकायदा हल्ला केला तर 'कॉनकॉर्ड' हे पोलीस त्याचं जहाज नक्की उडवतात, पण हल्ला झाल्यावर. आकडा जितका कमी, तितके ते उशिरा पोचतात. मग लुटारू साधा हिशोब मांडतात: पोलीस येईपर्यंत अमुक स्वस्त जहाजं किती मारा करतील, आणि समोरच्या मालवाहू जहाजात त्याहून जास्त किमतीचा माल आहे का? कायदा गुन्हा थांबवत नाही, फक्त त्याची किंमत ठरवतो. इतकी कडवट गोष्ट दशांश चिन्हाच्या एका आकड्यात बसवणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

तक्रार अशी की खेळ हे नवख्याला नीट सांगत नाही. सुरुवातीचे धडे उच्च सुरक्षेत होतात आणि मोठा आकडा म्हणजे घर, हे मनात पक्कं बसतं. मग माणूस महिनोन्‌महिने खाणकाम करतो, महाग जहाज घेतो आणि एकही लढाई न लढता ते गमावतो.

दुसरं टोक म्हणजे शून्य सुरक्षा. तिथे खेळाडूंच्याच आघाड्यांचं राज्य. जानेवारी २०१४ मध्ये 'बी-आर-५-आर-बी' या सूर्यमालेत ताब्याचा हप्ता भरायचा राहिला आणि त्यातून सुमारे २१ तासांचं युद्ध पेटलं; ७५ टायटन जहाजं नष्ट झाली. गर्दी इतकी वाढली की सर्व्हर कोसळू नये म्हणून खेळातला काळच मंद केला जातो, अगदी एक दशांश वेगापर्यंत. इंजिनिअर म्हणून मला हा उपाय फार प्रामाणिक वाटतो: कुणाची आज्ञा गाळायची नाही, घड्याळच हळू करायचं. पण नवखा अशा युद्धात काय करतो? सेनापतीनं सांगितलेल्या लक्ष्यावर गोळी झाडण्याचं एकच बटण दाबत राहतो. इतिहासाचा साक्षीदार होतो, लढायला शिकत नाही. वर्महोलच्या प्रदेशात तर सूर्यमालेत कोण आहे याची यादीही दिसत नाही. तिथे एवढ्यात जाऊच नये.

माझं मत कमी सुरक्षेतल्या दोन राष्ट्रांच्या युद्धाला. तिथल्या छोट्या रणांगणांचे दरवाजे ठरावीक आकाराचीच जहाजं आत सोडतात. सगळ्यात लहान रणांगणात साधं, स्वस्त फ्रिगेट पुरतं. संख्येवर मर्यादा नाही, म्हणून आत जाण्याआधी सूर्यमालेतली नावं वाचावीत, स्कॅनवर कोणती जहाजं दिसतात ते पाहावं. आणि शक्यतो आपण आधी आत असावं. मागून येणारा प्रवेशबिंदूपाशीच उतरतो, त्यामुळे अंतर ठरवण्याचा पहिला हक्क आपला. जवळून मारणाऱ्या तोफा असतील तर प्रवेशबिंदूवर बसायचं, लांबच्या असतील तर दूर राहायचं. येणारं जहाज आपल्याला जड असेल तर तो पोचण्याआधी निघायचं. जागा निवडण्याचं जे तत्त्व अख्ख्या नकाशाला लागू आहे, तेच इथे काही किलोमीटरांत हाताला लागतं. दहा फ्रिगेटं गमावली तरी खिशाला फारशी झळ बसत नाही, आणि प्रत्येक हार कशामुळे झाली ते सांगता येतं.

वेळ हीसुद्धा जागाच. युरोपातली संध्याकाळ म्हणजे आपली मध्यरात्र. गर्दी तेव्हा असते. आपल्या दुपारी साडेचारला सर्व्हर रोज थोडा वेळ बंद होतो आणि त्यानंतर आकाश बरंच मोकळं असतं. ऑफिसातून आल्यावर एखाद-दुसरी समोरासमोरची लढाई मिळवायला ते तास चांगले.

बाकी खेळ हरल्यावर नवी तलवार देतात. 'ईव्ह' विचारतो, तू तिथे गेलासच कशाला? हे तो पहिल्या दिवशी विचारत नाही, पहिलं जहाज फुटल्यावर विचारतो. दोष म्हणाल तर एवढाच, पण फार जण त्याच दिवशी खेळ कायमचा बंद करतात.