भिंतीवरचे चित्र आणि गोणपाट

शाळाप्रवेशाचा लढा भिंतीवर रंगवायचा झाला की चित्रकाराची दृष्टी प्रथम उद्धारकर्त्याकडे वळते. अंगावर शेण-दगड झेलत शाळेकडे जाणाऱ्या सावित्रीबाई फुले महाराष्ट्रातील शाळांच्या भिंतींवर आता रूढ झाल्या आहेत. त्या चित्रांचे मोल कोणी नाकारणार नाही. परंतु ज्याच्यासाठी हे सारे घडले ते मूल बहुधा चित्राच्या कडेला, पाठमोरे असते.

इतिहासातही तसेच घडले आहे. जून 1856 मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला. प्रकरण मुंबई सरकारकडून वर हिंदुस्थान सरकारपर्यंत गेले. 1858 साली, केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या असल्याचा ठराव झाला. इतिहासग्रंथांत तो मुलगा मात्र 'एक महार मुलगा' एवढाच उरला.

अमेरिकन चित्रकार नॉर्मन रॉकवेल याने 1964 साली ही चूक टाळली. न्यू ऑर्लिन्समधील गोऱ्यांच्या शाळेत 1960 साली दाखल झालेली सहा वर्षांची रूबी ब्रिजेस त्याच्या चित्रात चालते आहे. सोबतच्या चार सरकारी अंमलदारांची डोकी चौकटीबाहेर गेली आहेत. पाहणाऱ्याची नजर आपोआप मुलीच्या उंचीवर येते. मागच्या भिंतीवर फुटलेल्या टोमॅटोचा डाग आहे; फेकणारे दिसत नाहीत, आणि त्यांची गरजही नाही.

ही उंची आपल्याकडे चित्रांपेक्षा आत्मकथनांना अधिक साधली. डॉ. आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये सांगितलेले गोणपाट पाहावे. वर्गात वेगळे बसण्यासाठी ते घरून आणायचे आणि शाळा सुटल्यावर परत न्यायचे, कारण वर्ग झाडणारा नोकरही त्याला हात लावत नसे. अपमानासाठी लागणारे सामानही मुलानेच वाहायचे! शिपाई नसेल तर पाणी नाही, हे आंबेडकर तितक्याच कोरडेपणाने सांगतात. निवेदनात आक्रोश नाही, म्हणूनच ते वाचकाला सुटू देत नाही.

उर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (2003) शिक्षक मुलीला शेण काढायला लावतो, मारतो. कायदा केव्हाच झालेला आहे, शाळेचे दारही उघडे आहे; अस्पृश्यता आत येऊन बसली आहे. मुलीची विधवा आई बांबूच्या वस्तू विणून घर चालवणारी. ती वाटेने जाणाऱ्या गुरुजींना थांबवते आणि भर रस्त्यात जाब विचारते. या बाईचे चित्र अजून कोणत्या भिंतीवर यायचे आहे.