दान, लिलाव आणि स्थानिक चित्रकार : एक चिकित्सा

प्रास्ताविक

पूर, भूकंप, दुष्काळ, रुग्णालयाची नवी इमारत किंवा अनाथाश्रमाचे छप्पर, अशा कोणत्याही कारणासाठी निधी उभारावयाचा झाला की चित्रांचा लिलाव हा आपल्याकडे एक रुळलेला मार्ग झाला आहे. परिसरातील चित्रकार-शिल्पकारांना पत्रे जातात, 'आपली एक कलाकृती या सत्कार्यासाठी द्यावी' अशी विनंती केली जाते आणि बहुतेक कलावंत ती नाकारत नाहीत. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात जमलेल्या रकमेची बातमी येते. तीत सर्वाधिक बोली लावणाऱ्याचे नाव असते, प्रमुख पाहुण्यांचे असते. चित्रकार मात्र 'स्थानिक कलावंतांच्या सहकार्याने' एवढ्या एका तृतीया विभक्तीत उरकलेले असतात.

प्रस्तुत लेखात या प्रथेची चिकित्सा करावयाची आहे. हेतूच्या शुद्धतेविषयी येथे शंका घेतलेली नाही. प्रश्न असा की, कलाकृतीचे दान आणि कलाकृतीचा लिलाव या दोन भिन्न क्रिया एकाच सभागृहात एकत्र आल्या म्हणजे चित्राचे आणि चित्रकाराचे काय होते? मराठी कलासमीक्षेने या प्रश्नाकडे फारसे लक्ष दिलेले नाही. धर्मादाय कार्यक्रमातील चित्रांविषयी मत देणे म्हणजे श्राद्धाच्या पंगतीत आमटी अळणी आहे असे सांगण्यासारखे असभ्य, अशी काहीशी समजूत त्यामागे असावी.

एक जुना दाखला

कलावंतांनी एकत्र येऊन धर्मादाय संस्थेला आपली कामे देण्याचा एक ठळक दाखला अठराव्या शतकातील लंडनमध्ये सापडतो. थॉमस कोरम या निवृत्त नाविकाने टाकून दिलेल्या अर्भकांसाठी संस्था काढण्याची सनद १७३९ मध्ये मिळविली. चित्रकार विल्यम हॉगार्थ प्रारंभापासून या फाउंडलिंग हॉस्पिटलशी निगडित होता. १७४० मध्ये त्याने कोरमचे भव्य व्यक्तिचित्र संस्थेला दिले आणि पाठोपाठ अन्य चित्रकारांनाही तसे करण्यास प्रवृत्त केले. तरुण गेन्सबरोनेही एक चित्र दिले. संगीतकार हँडेलने आपल्या 'मसाया'चे प्रयोग संस्थेच्या मदतीसाठी केले, तेही याच काळात.

या घटनेतील एक बाब आपल्या विषयाच्या दृष्टीने निर्णायक आहे. ही चित्रे विकली गेली नाहीत. ती संस्थेच्या भिंतींवर लागली. त्या काळी लंडनमध्ये समकालीन चित्रकारांची कामे सामान्य नागरिकाने पाहावीत अशी सार्वजनिक जागा जवळपास नव्हतीच. मुले पाहावयास येणारे प्रतिष्ठित लोक चित्रेही पाहू लागले, संस्थेला देणगीदार मिळाले आणि चित्रकारांना प्रेक्षक मिळाला. पुढे १७६० मध्ये कलावंतांचे स्वतंत्र प्रदर्शन भरले व १७६८ मध्ये रॉयल अकादमी स्थापन झाली, त्यामागे या भिंतींचा वाटा होता असे कलेतिहासकार मानतात. हॉगार्थचा व्यवहारी चतुरपणाही येथे नोंदविण्याजोगा आहे. १७५० मध्ये त्याने आपल्या 'मार्च ऑफ द गार्ड्स टू फिंचले' या चित्राची सोडत काढली. १,८४३ तिकिटे खपली. उरलेली १६७ त्याने फाउंडलिंग हॉस्पिटलला देऊन टाकली आणि चित्र नेमके संस्थेलाच लागले! चित्रकाराला तिकिटांचे पैसे मिळाले, संस्थेला चित्र मिळाले आणि आपले चित्र कोणाच्या तरी दिवाणखान्यात नाहीसे होण्याऐवजी सर्वांच्या नजरेसमोर राहिले, हा त्याला झालेला तिसरा लाभ.

आपल्याकडील धर्मादाय लिलावाने या प्रसंगातून दान तेवढे उचलले आहे. भिंत घेतलेली नाही.

लाडू आणि चित्र

लिलावाद्वारे धर्मकार्यासाठी पैसा उभारणे आपल्या समाजाला परके नाही. ग्रामदैवताच्या यात्रेत नारळाचा, लुगड्याचा, पालखीला खांदा देण्याच्या मानाचा लिलाव होतो. काही भागांत त्याला 'सवाल' म्हणतात. महात्मा गांधींनी १९३३-३४ च्या हरिजन दौऱ्यात मिळालेली मानपत्रे आणि भेटवस्तू भर सभेत लिलावास काढल्या होत्या. हैदराबादजवळील बाळापूर येथील गणपतीच्या लाडवाचे उदाहरण तर सर्वश्रुत आहे. १९९४ मध्ये तो ४५० रुपयांना गेला. २०२४ मध्ये त्याच मानाच्या लाडवाला ३० लाख १ हजार रुपयांची बोली लागली.

लाडवाच्या लिलावात कोणीही लाडू विकत घेत नाही. बोली असते ती मानाची, पुण्याची आणि गावासमोर उच्चारल्या जाणाऱ्या नावाची. म्हणूनच त्यात कोणाचे नुकसान होत नाही. उद्या बोली निम्म्यावर आली तरी हलवायाच्या दुकानातील लाडवाचा भाव उतरत नाही, कारण देवाच्या लाडवाला बाजार नाही.

चित्राचे तसे नाही. सभागृहात ते तासभर लाडवासारखे वागते, दुसऱ्या दिवशी पुन्हा चित्र होते. ज्या कलाशिक्षकाने शाळा सांभाळून वीस वर्षे जलरंगात काम केले आहे, ज्याची निसर्गचित्रे ओळखीपाळखीत बारा-पंधरा हजारांना जातात, त्याचे चित्र 'एकवार, दोनवार' होत चार हजारांवर थांबले, तर तो आकडा तालुकाभर पोहोचतो. पुढील ग्राहक त्याच्या घरी येतो तो ही चार हजारांची बातमी घेऊनच. उलट, एखाद्या उद्योजकाने अध्यक्षांच्या आग्रहाखातर तेच चित्र पन्नास हजारांना घेतले तरी चित्रकाराचा भाव वाढत नाही. पन्नास हजार सत्कार्यासाठी होते हे सर्वांना ठाऊक असते. म्हणजे बोली चढली तर श्रेय दानशूराचे आणि पडली तर दोष चित्राचा. लिलावाची ही रचना मूलतः एकतर्फी आहे आणि तिचा भार मंडपातील सर्वांत कमी उत्पन्नाच्या माणसावर पडतो. नामवंत चित्रकारांच्या कामांचे पूर्वीचे लिलावदर उपलब्ध असतात, त्यामुळे एका धर्मादाय बोलीने त्यांचे काही बिघडत नाही. स्थानिक चित्रकाराचा मात्र बहुधा हाच पहिला आणि एकमेव जाहीर दर असतो.

कोची आणि दिल्ली

हा फरक समजण्यासाठी केरळचे उदाहरण पाहता येईल. २०१८ च्या ऑगस्टमधील महापुरात केरळमध्ये चारशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर कोची बिनाले फाउंडेशनने सॅफ्रनआर्ट या लिलावसंस्थेच्या साहाय्याने १८ जानेवारी २०१९ रोजी कोची येथे धर्मादाय लिलाव घेतला. उत्पन्न मुख्यमंत्री साहाय्यता निधीसाठी होते. बिनालेचे चौथे पर्व त्या वेळी सुरूच होते. त्यामुळे चित्रे पाहणारा, त्यांविषयी बोलणारा वर्ग शहरात हजर होता. सूचीपुस्तिका, पूर्वअंदाजित किमती, व्यावसायिक लिलावकर्ता अशी सारी सिद्धता होती. थोडक्यात, कलाव्यवहार आधीपासून उभा होता आणि दान त्यावर आरूढ झाले. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी कलाव्यवहार नसतोच. तेथे दानालाच कलाव्यवहाराचे सोंग घ्यावे लागते.

दुसरे उदाहरण वेगळ्या जातीचे आहे. १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबाद येथे पथनाट्य सुरू असताना सफदर हाश्मी यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. त्यातून उभ्या राहिलेल्या 'सहमत' या संघटनेसाठी कलावंतांनी त्याच वर्षी 'आर्टिस्ट्स अलर्ट' या प्रदर्शनाच्या रूपाने आपली कामे दिली. येथे देणारा आणि कार्य यांत अंतर नव्हते. हल्ला त्यांच्याच एका सहकाऱ्यावर झाला होता. मराठीत आपण 'दान' आणि 'वर्गणी' असे दोन शब्द वापरतो. दान परक्याला द्यावयाचे असते, वर्गणी आपल्याच कामासाठी काढावयाची असते. 'सहमत'च्या चित्रकारांनी वर्गणी काढली, असे म्हणणे अधिक योग्य होईल. स्थानिक चित्रकाराकडून मागितले जाते ते दान. परंतु मागण्याचा सूर असतो वर्गणीचा, गल्लीतील मंडळाने दारात येऊन पावती फाडावी तसा. त्यामुळे नकार देण्याची मुभा त्याला व्यवहारात राहत नाही.

काय दिले जाते?

येथवर चित्रकाराची बाजू मांडली. परंतु चिकित्सा चित्रांचीही झाली पाहिजे. अशा प्रदर्शनांतून मांडलेली कामे पाहिली असता एक विषण्ण करणारे साम्य आढळते. गणपतीची अनेक रूपे, वारीतील टाळकरी, जुन्या वाड्याचा दरवाजा, घाटावरची सकाळ, मिटल्या डोळ्यांचा बुद्ध. या विषयांत मुळात काही उणे नाही. महाराष्ट्रातील जलरंगाच्या परंपरेने घाट आणि वाडे यांतूनच उत्तम चित्रे घडविली आहेत. पण येथे दिसतो तो विषय 'सर्वांना आवडेल असे द्या' या आयोजकांच्या सूचनेतून आलेला असतो. चित्रकारही पुष्कळदा घरात उरलेले, न खपलेले, फार तर चांगली चौकट असलेले काम देऊन मोकळा होतो. त्याला दोष देणे कठीण आहे. ज्या सभागृहात आपले चित्र कोणी पाहणार नाही, तेथे सर्वोत्तम चित्र कोण पाठवील? तरीही दोष आहेच. उरलेले चित्र दिल्याने देणाऱ्याचे समाधान होत नाही, घेणाऱ्याला चित्राची गोडी लागत नाही आणि गावाची अशी समजूत दृढ होते की कला म्हणजे याच पाच-सात गोष्टी. व्यक्तिचित्राचे प्रात्यक्षिक घेऊन तेच ओले चित्र लगेच लिलावात काढण्याचा प्रकार तर प्रस्तुत लेखकास अधिकच खटकतो. तेथे बोली लागते ती हाताच्या चपळाईवर.

कायदा काय म्हणतो?

देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत मिळते, म्हणून चित्रकारालाही मिळत असावी, असा सार्वत्रिक गैरसमज आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ८०जी खालील सवलत केवळ पैशाच्या रूपाने दिलेल्या देणगीस होती. वस्तुरूप देणगी तीत बसत नव्हती. म्हणजे पाच हजारांचा धनादेश देणाऱ्याला सवलत आणि पाच हजारांचे चित्र देणाऱ्याला आभाराचे पत्र. अमेरिकेत १९६९ च्या करसुधारणेनंतर कलावंताला स्वतःची कृती दान केल्यास केवळ साहित्याच्या खर्चाएवढी वजावट मिळू लागली. परिणामी संग्रहालयांना कलावंतांकडून येणाऱ्या भेटी झपाट्याने घटल्या. स्ट्राविन्स्कीसारख्या संगीतकारानेही आपली हस्तलिखिते राष्ट्रीय ग्रंथालयास देण्याचा बेत सोडून दिला. आपल्याकडे असा प्रश्न चर्चेतही आलेला नाही.

१९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५३अ आले. मूळ चित्राची दहा हजार रुपयांहून अधिक किमतीस पुनर्विक्री झाल्यास चित्रकाराला त्यातील वाटा, कमाल १० टक्क्यांपर्यंत, मिळावा अशी ही तरतूद आहे. कागदावर ती सुंदर आहे, व्यवहारात जवळजवळ निद्रिस्त. दान दिलेल्या चित्राची संस्थेने केलेली पहिली विक्री ही पुनर्विक्री धरावी की नाही, याचा विचार तर दूरच. तुलनेने स्पष्ट असलेली गोष्ट अशी की, चित्र दिले म्हणजे स्वामित्वहक्क दिला असे होत नाही. त्यासाठी लेखी हस्तांतरण लागते. त्यामुळे दान आलेल्या चित्राची दिनदर्शिका किंवा शुभेच्छापत्रे परस्पर छापणाऱ्या संस्था कायद्याचा भंग करीत असतात, बहुधा नकळत. अमरनाथ सहगल यांच्या विज्ञान भवनातील भव्य भित्तिशिल्पाची शासनाने १९७९ मध्ये मोडतोड करून ते उतरविले. त्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अवशेष शिल्पकारास परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. कृती दुसऱ्याच्या मालकीची झाल्यावरही कर्त्याचा तिच्याशी असलेला नैतिक संबंध तुटत नाही, हे तत्त्व त्यातून ठसले. लिलावातील चित्राला ते तितकेच लागू आहे.

पर्याय

लिलाव बंद करावेत असा या विवेचनाचा अर्थ नाही. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टने १९९४ पासून चालविलेला 'सीक्रेट' हा उपक्रम या संदर्भात पाहण्याजोगा आहे. नामवंत कलावंत आणि विद्यार्थी सारख्याच आकाराच्या पोस्टकार्डावर काम करून देतात, सही मागच्या बाजूस असते, सर्व कार्डांची किंमत सारखीच आणि नाव कळते ते विकत घेतल्यावर. येथे ग्राहकाला चित्राकडे पाहावेच लागते, कारण पाहण्यासारखे दुसरे काही नसते. कोणाचाही भाव पडत नाही. निधी गरजू विद्यार्थ्यांसाठी जातो. हे आपल्या महाविद्यालयांना सहज करता येईल, आणि पोस्टकार्डाला चौकटही लागत नाही.

मुद्दाम महाविद्यालयांचा उल्लेख केला, कारण अशा लिलावांच्या आयोजनात आपणही असतो. राष्ट्रीय सेवा योजनेचा विभाग मदतनिधीसाठी चित्रविक्री ठेवतो, तिचे छायाचित्र विस्तार उपक्रमांच्या अहवालात लागते. त्या अहवालात चित्रकारांची नावे, चित्रांची शीर्षके, माध्यम आणि आकार एवढे तरी छापता येईल. किमान बोली चित्रकाराला विचारून ठरविता येईल. ती न आल्यास चित्र निमूटपणे त्याच्या घरी पोहोचविता येईल, आकडा जाहीर न करता. उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा त्याला देऊ करावा, त्याने तो नाकारला तर दान खऱ्या अर्थाने त्याचे झाले. आणि काच, चौकट व टेम्पोभाडे या खर्चाची पावती चित्र स्वीकारतानाच मागून घेऊन त्याच दिवशी फेडावी. सध्या हा खर्चही चित्रकारच सोसतो आणि तो कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.