टाचणवहीतले अपेक्षित उत्तर

मराठी गद्याचा एक प्रकार समीक्षेने हाताळलेला माझ्या पाहण्यात नाही. तो म्हणजे बी.एड.च्या विद्यार्थ्यांची पाठ टाचणवही. सराव पाठांसाठी ती लिहायची, मार्गदर्शकांची सही घ्यायची, गुण पडले की रद्दीत घालायची. रद्दीवाल्यांकडून आणि ओळखीच्या शिक्षकांकडून मी अशा काही वह्या जमवल्या आहेत. त्यांतले विज्ञानाचे पाठ एक वाङ्मयप्रकार म्हणून वाचावेत, असे मला वाटते.

वहीचे रकाने ठरलेले: अध्यापन मुद्दा, उद्दिष्ट व स्पष्टीकरण, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फलकलेखन, मूल्यमापन. यांतला विलक्षण रकाना ‘विद्यार्थी कृती’चा. मुले काय उत्तर देतील, ते त्यात आदल्या रात्रीच लिहिलेले असते आणि ते नेहमी बरोबर असते. इतकी आज्ञाधारक पात्रे बोधकथांतही सापडत नाहीत. मग मूल्यमापनाच्या रकान्यात उरते काय? ‘परावर्तनाचे नियम सांगा.’ ‘उपयोजन’ म्हणून विचारलेली दैनंदिन उदाहरणेही पाठ्यपुस्तकाच्या त्याच पानावरची.

साधनांची उणीव आहे असे नाही. शिक्षणहक्क कायद्यानंतर २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आकारिक मूल्यमापनाला आठ साधने दिली: दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. नंतरच्या वह्यांत ही नावे सुवाच्य अक्षरांत उतरली. प्रश्न मात्र तोच राहिला. तोंडी विचारला की तोंडीकाम, लिहून घेतला की स्वाध्याय. पुढे शाळांसाठी वर्णनात्मक नोंदींची तयार वाक्येही निघाली. निरीक्षण करण्याआधीच निरीक्षणाचे शब्द हाती आले!

एका वहीने मला थांबवले. इयत्ता सातवी, आम्ल-आम्लारी. हळदीच्या कागदावर साबणाचे पाणी टाकल्यास कागद लाल होतो, ‘कारण साबणाचे पाणी आम्लारीधर्मी आहे’, हे अपेक्षित उत्तर. त्याखाली छात्राध्यापिकेने पेन्सिलीने लिहिले आहे: ‘एक मुलगी म्हणाली, कुंकू झालं. आजी हळदीत चुना घालते.’ शेजारी लाल शाईचा शेरा: ‘उत्तर विषयाला सोडून.’

विषयाला सोडून कसे? हळद आणि चुना यांपासून कुंकू होते ती हीच रासायनिक क्रिया. पाठ्यपुस्तकाने साबण घेतला, आजीने चुना. मुलीने दोन्हींतले साम्य ओळखले. उपयोजन याहून वेगळे काय असते? पण ते टिपायला रकाना नव्हता, म्हणून पेन्सिल लागली.

पुढच्या पाठात तिने चाचणी घेतलेली नाही. गटागटाला नावे न लिहिलेली चार द्रावणे दिली: लिंबाचा रस, मीठ, धुण्याचा सोडा आणि साबण. हळदीच्या कागदाने ओळखा, कसे ओळखले तेही लिहा. यात मेख आहे. हळद आम्लारीला लाल होते. आम्लात आणि मिठाच्या पाण्यात पिवळीच राहते. तेव्हा ‘लिंबू आणि मीठ यांतला फरक या कागदाने कळत नाही’ असे लिहिणारा गटच खरा पुढे. एका गटाने जास्वंदीचे फूल मागितले, अशी नोंद आहे. जास्वंदीचा रस आम्लात गडद गुलाबी होतो, आम्लारीत हिरवा. फूल मागणे हेच त्यांचे उत्तर. त्याला गुण किती द्यायचे, हे कुठल्या तक्त्यात सापडणार?

हे अशक्यप्राय आहे असे कोणी म्हणेल, तर मध्य प्रदेशातल्या होशंगाबादकडे पाहावे. तिथे १९७२ मध्ये १६ शाळांतून सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात मुले पुस्तक-वही उघडी ठेवून परीक्षा देत आणि प्रयोगाचीही परीक्षा असे. तो वाढून अनेक जिल्ह्यांत गेला. २००२ मध्ये राज्य शासनाने बंद केला. म्हणजे तीस वर्षे चाललेली गोष्ट होती ती.

त्या पाठाखालचा शेरा लाल शाईतच आहे: ‘वर्गनियंत्रण कमी. मूल्यमापनाचे प्रश्न फलकावर नाहीत.’ खाली सही आणि तारीख. पुढच्या पानावर उष्णतेचा पाठ सुरू होतो. त्यातला ‘विद्यार्थी कृती’चा रकाना तिने रिकामा सोडला आहे.