दोन टक्क्यांचे दातृत्व आणि हमालाची पाठ

पुण्याच्या मार्केट यार्डाजवळच्या एका शाळेत एका कंपनीने दप्तरे वाटली. प्राध्यापक म्हणून मलाही व्यासपीठावर बसवले होते. प्रत्येक दप्तरावर कंपनीचे नाव ठळक होते. ती दप्तरे घेणाऱ्या कित्येक मुलांचे बाप त्याच वेळी यार्डात पोती वाहत होते. माझ्याही बापाने तिथेच पोती वाहिली. माझे शिक्षण त्याच्या पाठीवर झाले. भाषणांत 'सामाजिक उत्तरदायित्व' हा शब्द वारंवार आला, 'हमाल' हा एकदाही नाही. म्हणून त्या शब्दाचीच झडती घेणे मला आवश्यक वाटते.

२०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. त्यातून शाळेला छप्पर मिळत असेल तर ते नाकारण्याचे कारण नाही. आमचा आक्षेप त्यामागच्या दृष्टीला आहे. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत भूक, शिक्षण, पर्यावरण, खेळ अशी कामांची यादी आहे. तिच्यात अनुसूचित जातींचे नाव येते ते सरकारी निधीला देणगी देण्याच्या संदर्भात. म्हणजे जात तिथे मदतीचा विषय आहे, अन्यायाचा नाही.

स्वतःच्या कामगारांवर केलेला खर्च या दोन टक्क्यांत धरता येत नाही. नियम योग्यच आहे. कामगाराचा हक्क दान म्हणून मिरवता कामा नये. पण तो हक्क त्याला मिळाला की नाही, हे न विचारताच दानाचा अहवाल पूर्ण होतो. शिवाय जो ठेकेदाराकडे राबतो, त्याला कंपनी आपला मानतच नाही.

ही दृष्टी नवी नाही. धनिकाने स्वतःला संपत्तीचा विश्वस्त समजावे, या गांधींच्या कल्पनेचा फोलपणा बाबासाहेबांनी १९४५ सालीच 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स' या ग्रंथात दाखवला होता. विश्वस्ताला जाब विचारण्याचा अधिकार ज्याला नाही, त्याने त्याच्या सद्बुद्धीची वाट पाहायची काय?

दक्षिण आफ्रिकेचा अनुभवही हेच सांगतो. वर्णभेदी राजवटीत धंदा करणाऱ्या अमेरिकन कंपन्यांसाठी लिऑन सलिव्हन या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाने १९७७ साली आचारसंहिता मांडली: जेवणाची जागा एक, समान कामाला समान वेतन. कारखान्याच्या फाटकाआत थोडे बदलले. फाटकाबाहेर वर्णभेदाचा कायदा तसाच राहिला. १९८७ साली खुद्द सलिव्हन यांनीच कंपन्यांनी तो देश सोडावा असे म्हटले. आपल्याकडे नेमके उलटे आहे. कंपनी फाटकाबाहेर दानशूर असते. फाटकाआत जात कशी नांदते हे तिला कोणी विचारत नाही. नोकरीतील जातिभेद मोडण्यासाठी पुढे सलिव्हन यांच्याच धर्तीवर 'आंबेडकर तत्त्वे' तयार झाली. पण तीही ऐच्छिक. देश बदलला, संस्कृती बदलली, तरी मर्जी मालकाचीच!

याच मार्केट यार्डात मात्र दुसरी वाट आहे. डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने हमाल पंचायतीत संघटित झालेल्या हमालांनी मालकाचे मन वळण्याची वाट पाहिली नाही. राज्यातील हमाल-माथाडींच्या लढ्यांतून १९६९ चा माथाडी कायदा आला. मजुरीवर ठरावीक लेव्ही मालकाने मंडळात भरायची. त्यातून भविष्यनिर्वाह निधी आणि उपचारांची सोय. नफा होवो न होवो, पोते उचलले की पैसे देणे भाग! अनेक वर्षे शंभर-शंभर किलोची पोती वाहणाऱ्यांनी पन्नास किलोसाठी लढा दिला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच ५५ किलोंची मर्यादा सुचवली होती. पण ती शिफारस आपोआप चालत यार्डात आली नाही. १९७४ साली पंचायतीने 'कष्टाची भाकर' सुरू केली. तिथे कष्टकरी स्वस्तात जेवतो, पण पैसे मोजून जेवतो. त्याला कुणाचे नाव पाठीवर वागवावे लागत नाही.

या वाटेवरही सारे आलबेल नाही. लेव्ही चुकवणारे आहेत, कायदा पातळ करू पाहणारेही आहेत. तरीही भेद स्पष्ट आहे. दोन टक्के कुठे जावेत हे संचालक मंडळ ठरवते; लेव्हीचा हिशोब हमाल मागू शकतो.

म्हणून व्यासपीठावरच्या कंपनीला आपण एवढेच विचारावे: तुमचा माल कोण उचलतो, त्याची लेव्ही भरता काय, आणि तुमच्या कचेरीत आमची माणसे झाडूखेरीज आणखी कुठे आहेत? त्या दिवशी मी हे विचारले नाही. हार गळ्यात घालून खाली उतरलो. माझ्या बापाच्या पाठीचे हे देणे माझ्याकडे बाकी आहे.