कोंबडी, कोल्हा आणि न छापलेला मजकूर

पॅट हचिन्स (१९४२-२०१७) या ब्रिटिश लेखिका-चित्रकर्तीचे 'रोझीज वॉक' हे पहिले चित्रपुस्तक १९६८ साली प्रसिद्ध झाले. पुस्तक इंग्रजी असले तरी त्यातील मजकूर अवघ्या बत्तीस शब्दांचा, म्हणजे एका वाक्याचा आहे. रोझी नावाची कोंबडी खुराड्यातून निघते, शेतावर फेरफटका मारते आणि जेवणाच्या वेळेला परत येते. एवढेच. नुसता मजकूर वाचून दाखवला तर मुले विचारतील, 'यात गोष्ट कुठे आहे?'

गोष्ट चित्रांत आहे. रोझीच्या मागावर एक कोल्हा आहे आणि मजकुरात त्याचा एकदाही उल्लेख नाही. तो झेप घेतो आणि दर वेळी फजित होतो. कधी दाताळ्याचा दांडा नाकावर बसतो, कधी तो तळ्यात पडतो, कधी गवताच्या गंजीखाली गाडला जातो. गिरणीपाशी त्याच्या अंगावर पिठाचे पोते रिकामे होते. शेवटी तो एका गाडीत पडतो, गाडी घरंगळत मधाच्या पेट्यांवर आदळते आणि मधमाश्या त्याला पळवून लावतात. रोझी मात्र आपल्याच तोऱ्यात चालत राहते. सारा विनोद मजकुराच्या या मौनातून येतो.

विज्ञान शिकवणाऱ्यांनी हे पुस्तक मुद्दाम पाहावे, ते याच मौनासाठी. छापलेले एकही विधान खोटे नाही. पण ते अपुरे आहे. उरलेले मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी मिळवायचे आहे. आपल्या शाळांत बहुधा उलटे घडते. प्रयोगवहीत विद्यार्थी दिसले ते लिहीत नाही, पुस्तकात 'यायला हवे' ते लिहितो. छापील शब्दावरचा हा विश्वास पुढे पदवीपर्यंत पाठ सोडत नाही. पाच वर्षांच्या मुलाला 'पुस्तकात लिहिलेले नाही, पण मला दिसते आहे' असे म्हणण्याची संधी हे पुस्तक देते. ती त्याच्याकडून हिरावून घेऊ नये. कोल्ह्याकडे बोट दाखवण्याचा मान मुलाचाच.

पुस्तकाची मांडणीही विचारपूर्वक आहे. एका जोडपानावर कोल्हा झेपेच्या पवित्र्यात असतो. पान उलटले की शब्दांविना फजिती दिसते. या दोन पानांच्या मध्ये थांबावे आणि 'आता काय होईल?' असे विचारावे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न 'कशावरून?' हा आहे. दाताळे आधीच समोर पडलेले असते. पोत्याची दोरी रोझीच्या पायात गुंतलेली दिसते. म्हणजे अंदाजाला आधार चित्रातच आहे आणि पान उलटणे ही त्या अंदाजाची परीक्षा आहे. मोठ्या मुलांबरोबर पुढेही जाता येईल. दाताळ्याच्या दात्यांवर पाय पडला की दांड्याचे लांबचे टोक इतक्या वेगाने का उसळते? तरफेचा धडा इथून सुरू करायला हरकत नाही.

एक प्रश्न हमखास निघतो: कोल्हा मागे आहे हे रोझीला ठाऊक असते का? काही मुले 'हो' म्हणतील, काही 'नाही'. शिक्षकांनी निकाल देण्याची घाई करू नये. दोन्ही बाजूंना चित्रातला पुरावा मागावा. पुरावा अपुरा ठरला तर 'सांगता येत नाही' हेही शास्त्रीय उत्तर आहे, हे मुलांना कळू द्यावे.

पुस्तकात उणिवा नाहीत असे नाही. कोल्हा इथेही रूढ खलनायकच आहे. तो भुकेला शिकारी प्राणी आहे, दुष्ट नव्हे, हे पुस्तक सुचवत नाही. मराठीत सांगताना आणखी एक अडचण येते. आपल्याकडे ज्याला कोल्हा म्हणतात तो प्राणी लांडग्या-कुत्र्यांच्या प्रजातीतला. इंग्लंडमधल्या या तांबूस, झुबकेदार शेपटीच्या प्राण्याचा आपल्या माळरानावरचा जवळचा नातलग म्हणजे खोकड. गोष्ट रंगात असताना हे सांगत बसू नये. पण दुसऱ्या दिवशी दोघांची चित्रे शेजारी ठेवून फरक शोधायला मुलांना जरूर सांगावे. गावाकडच्या मुलांनी तर कोल्हेकुई ऐकलेलीही असेल.

वर्गात प्रत एकच असेल तर आठ-दहा मुलांचा गट करून पुस्तक मध्ये ठेवावे; लांबून दाखवल्यास दोरीसारखे बारकावे हरवतात. पहिल्या वेळी फक्त मजकूर वाचावा आणि गप्प राहावे. अखेरीस तात्पर्य विचारू नये. 'आणखी काय दिसले?' एवढेच विचारावे आणि पुस्तक पुन्हा पहिल्या पानावर उघडून मुलांच्या हाती द्यावे.